इश्वरभाऊले बोलवायचं राहिलं

मी भूतं-पितरं काही मानत नाही, हे आधीच सांगून ठेवते. माह्या सासऱ्यानं छप्पन सालानंतर घरातले सारे देव टोपल्यात भरून वैनगंगेत सोडले, अन् तेव्हापासून आमच्या घरात बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लागते, दुसरं काही नाही. जल्मभर अंगणवाडीत लेकरायले शिकवलं, का बापा, चिंचेच्या झाडावर कोणी बसत नसते. अन् आता ह्या वयात मी भरदुपारी भिंतीले कान लावून बसते. सांगायले लाज वाटते, पण बसते.

भिंत एकच आहे. इकडं मी राहते, तिकडं गोदावरीबाई राहत होती. पवनीत आमच्या गल्लीत जागा अपुरी. इश्वरभाऊनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, घर बांधायले काढलं तेव्हा मधातली भिंत दोघायची म्हणून ठेवली. इटा त्यायच्या, सिमेंट आमचं. त्यायच्या भावकीनं नाकं मुरडली, बौद्धांच्या घराले भिंत जोडून राहिला म्हणे. इश्वरभाऊ हसले. "रत्नमाला वहिनी आमच्यापेक्षा साफ राहतात," म्हणाले अन् कामाले लागले.

गोदावरीबाई लाखांदूरकडची. लग्न होऊन आली तेव्हा चार जावांच्या घरात तिले धानाच्या कोठीपाशी निजायले जागा भेटली होती. पाय पसरले का कोणाच्या ना कोणाच्या अंगाले लागत. तिथं तिनं कित्येक वर्षं काढली, तिथंच कैलाश झाला. इश्वरभाऊ शिलाईचं काम करत, शाळेचे गणवेश शिवत, अन् ही काज-बटणाले बसे. बोटं सुईनं टोचून टोचून कातडं जाड झालं होतं तिचं. त्या दोघायनं मिळून हे घर उभं केलं. ज्या दिवशी राहायले आली त्या दिवशी ती नुसती झाडू घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरून राहिली होती. झाडायले काही नव्हतंच. मी म्हटलं, "बस ना व आता." तं म्हणते कशी, "बसतो, पण कोणत्या खोलीत बसू?" दोनच खोल्या होत्या, पण हौस पाहा.

इश्वरभाऊ गेले ते मशीनवरच. दुपारची वेळ, वर पंखा चालू, मान खाली. ही समोर बटणं लावून राहिली होती. तिले वाटलं, सुईत दोरा ओवून राहिले. किती वेळ तशीच बसली कोण जाणे. मंग हाक मारली तं उत्तर नाही. तेरवी झाली, त्यायच्या पद्धतीनं इश्वरभाऊले पितर म्हणून घरात घेतलं, आतल्या खोलीत देवाजवळच्या कोपऱ्यात जागा दिली. दर अक्तीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, त्या कोपऱ्यात नवी घागर भरून ठेवे, चिंचेचं पाणी, शेवया, कुरडया करे अन् चुलीतल्या निखाऱ्यावर त्यायच्या नावाचा घास, आगारी म्हणतात त्याले, टाके. मी तिची थट्टा करो. "इश्वरभाऊले चिंचेचं पाणी कधी आवडलं व? खोकला होत होता त्यायले." ती म्हणे, "आता कायचा खोकला."

कैलाश वाईट पोट्टा नाही, हे बी सांगते. शिलाईत काही राहिलं नाही, सारे तयार कपडे घेतात. त्यानं बाप गेल्यावर घर गहाण ठेवून माल न्यायची छोटी गाडी घेतली. सही गोदावरीबाईनंच केली. कळत होतं तिले, पण लेकाले नाही कशी म्हणन? गाडी कोंढ्याच्या रस्त्यावर उलटली. पोट्टा वाचला, पाय गेला तो गेलाच, अजूनही फरफटत चालते. गाडी भंगारात गेली. कंपनी कोणती तरी नागपूरची होती, कर्ज देताना गोड बोलणारी. नंतर नोटिसा आल्या. एक तं भिंतीवरच चिटकवून गेले, अन् गल्लीतले लोक येऊन वाचून राहिले, जसं काही लग्नाची पत्रिका आहे.

दसरा झाला अन् दिवाळीच्या आधी ते आले. कंपनीचे दोघं, तहसीलचा एक माणूस, पोलीसवाली बाई. उकाडा होता, अन् लाईट गेलेली. म्हणाले, सामान काढा. मी, माही पोट्टी गुंजन, गल्लीतले दोन-चार जण, आम्ही भांडी, गाद्या, मशीन, सारं आणून माह्या पडवीत टाकलं. गोदावरीबाई पिठाचा डबा पोटाशी धरून बाहेर आली. बाकी काही धरलं नाही तिनं. तिच्या मागं दार लावलं, कुलूप घातलं, वर लाखेचं सील लावलं. ती पोलीसवाली बाई माणूस होती बिचारी, तिनं मान फिरवली.

गोदावरीबाई माह्या पडवीत सामानात बसली होती. मी चहा केला. कप हातात घेतला अन् एकदम खाली ठेवला.

"रत्ना, त्यायले बोलवायचं राहिलं व."

"कोणाले?"

"कैलाशच्या बापाले."

त्यायच्यात असं आहे, का घर सोडताना पितराच्या कोपऱ्यापुढं उभं राहा लागते अन् नाव घेऊन सांगा लागते, आम्ही निघून राहिलो, तुम्ही बी चला. सांगितलं तं ते मागं मागं येतात. नाही सांगितलं तं तिथंच राहतात. तिनं पिठाचा डबा आणला अन् माणूस आत राहिला. मी म्हटलं, असं काही नसते, चहा पी. तिनं चहा प्यायला नाही. सामानात तशीच बसून त्या सीलकडं पाहत राहिली, अन् तिचं तोंड पाहून मले माहा राग आला, कायले बोलली म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भात खाऊन आडवी झाली, तं भिंतीतून आवाज. टक, टक, टक. शिलाई मशीन चालते तसा. मशीन माह्या पडवीत, वर चादर टाकलेली. मी उठून पाहिलं, मशीन जागेवर होती. अंगावर काटा आला, खोटं कायले सांगू. मंग डोकं चालवलं. सील लावताना लाईट गेली होती. पंख्याचं बटण कोणी बंद केलंच नाही. लाईट आली, पंखा चालू झाला. त्या पंख्याची पाती जुनी, वाकडी, टक टक करतेच. इश्वरभाऊच्या वेळेपासून करते. मोठी हुशारी केल्यासारखं मी हे गोदावरीबाईले फोनवर सांगितलं.

ती म्हणाली, "बरं झालं. गरमीत बिना पंख्याचे राहिले असते."



ती तेव्हा कोंढ्याले होती, नवऱ्याच्या चुलतभावाच्या घरी. तिथं फार दिवस नाही निभलं. मंग पवनीत एक खोली घेतली. मालकाच्या पोराचं लग्न ठरलं, खोली खाली करा म्हणाले. मंग नदीकडं मंगलाबाईची खोली. प्रत्येक वेळी कैलाश लंगडत सामान नेई अन् ती पिठाचा डबा घेऊन मागं. मशीन तं कुठंच मावली नाही, माह्याकडंच राहिली. अन् दर दोन-चार दिवसांनी गोदावरीबाई दुपारची यायची, भिंतीशी बसायची. ना रडणं, ना बोलणं. आवाज ऐकून घ्यायची अन् उठून जायची. मी तिले रागावली, "तू येडी होशीन." तं म्हणे, "मी कायले येडी होऊ, मी तं भेटायले येतो." आम्ही बायका तसं पुरुषासारखंच बोलतो कधी कधी, तिची तं ती सवयच होती.

थंडीत लाईनमन आला अन् बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलं. मी दारात उभी राहून पाहिलं. मनात म्हटलं, झालं, आता ही यायची बंद होईन अन् माहाही जीव सुटन. ते दोन-तीन दिवस भिंत चूप होती. मंग एका दुपारी मी तांदूळ निवडून राहिली होती, अन् टक, टक, टक.

मी बाहेर गेली. मीटरच्या जागी लोंबते वायर तेवढे होते. शेजारी-पाजारी कोणाकडं मशीन नाही. उंदीर असन. पत्रा तापत असन. माह्या कानाले इतक्या वर्षांची सवय आहे, कानच वाजत असतीन. सारं मी मले सांगून पाहिलं. गोदावरीबाईले मात्र सांगितलं नाही. अन् ती आली तेव्हा भिंतीले डोकं टेकून बसली, जराशानं मान हलवली, जशी बाई नवऱ्याचं बोलणं ऐकताना हलवते. मले तिच्याकडं पाहवलं नाही.

अक्ती आली. ऊन असं, का रस्त्यावर कुत्रं नाही. गोदावरीबाई नवी घागर कमरेवर घेऊन माह्या दारात उभी. तोंड उतरलेलं.

"मंगलाबाई नाही म्हणते," ती म्हणाली. "भाडेकऱ्याचे पितर घरात नको म्हणते. एकदा पानी देल्लं का ते तिथंच राहतात म्हणे. तिचंही बरोबर हाये. तुह्या भिंतीशी ठेवू का घागर? तू मानत नाहीस, मले मालूम हाये."

माह्या सासऱ्यानं पाहिलं असतं तं काय म्हटलं असतं, असं आलं मनात. मंग म्हटलं, म्हणू दे. जागा पुसून दिली. तिनं भिंतीशी घागर ठेवली, वर पत्रावळ, पत्रावळीवर शेवया. गुंजननं शेगडीत कोळसे पेटवून आणले. आगारी टाकायले ती हात पुढं करते, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

कंपनीचा माणूस होता. लिलावात घर घ्यायचं म्हणून नवरा-बायको आले होते, त्यायले आतून दाखवायचं होतं. त्यानं सील तोडलं. गोदावरीबाई उठली अन् तशीच तिथं जाऊन उभी राहिली.

"मले दोन मिनिटं आत जाऊ द्या."

"मावशी, तुमचं सामान काही राहिलं नाही आत."

"राहिलं हाये."

तो नाहीच म्हणणार होता. मी त्याच्यापुढं उभी राहिली अन् अंगणवाडीचा आवाज काढला. "जाऊ दे तिले. काय भिंत उचलून नेते का?" त्या गिऱ्हाइकाच्या बायकोनंही नवऱ्याले कोपर मारलं. तो बाजूले झाला.

मी दारातच थांबली. आतून बंद घराचा वास आला, धुळीचा अन् जुन्या कापडाचा. गोदावरीबाई आतल्या खोलीत गेली. सहा महिने तिनं याच एका गोष्टीवर काढले होते, नीट जेवली नाही, नीट झोपली नाही. मी कान देऊन होती, आता ती नाव घेईन, चला म्हणन, अन् मले बी वाटून राहिलं होतं, का म्हण व एकदाचं, घेऊन ये त्यायले. हो, मलेच. पण आवाज आला नाही. ती बराच वेळ तिथं होती. मंग बाहेर आली, चेहरा शांत. हातानं चौकट चाचपली अन् पायरी उतरली.

"बोलावलं का?" मी इचारलं.

"नाही."

"काहून व? एवढे दिवस जीव खाल्ला माहा त्याच्यासाठी."

कंपनीचा माणूस त्या दोघायले घेऊन आत गेला. ती त्यायच्या पाठीकडं पाहत होती. हळू बोलली, जसं कोणी झोपलेलं आहे.

"त्यायले मालूमच नाही रत्ना, घर गेलं ते. ते गेल्यावर झालं ना सारं. ते आपल्या घरात बसून हायेत. चला म्हटलं तं इचारतीन, कुठं? अन् मंग सारंच सांगा लागन. भाड्यानं राहनं काय असते ते मी पाहून राहिली. त्यायले नको."

माह्या घरी बोलव, हे माह्या ओठावर आलं होतं. मी, जी काही मानत नाही, ती म्हणणार होती. पण नाही बोलली. माहं घर बी त्यायच्यासाठी दुसऱ्याचंच झालं असतं.