सडक्या अंड्याचा आरोप

मी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. तरी चौऱ्याहत्तर साली सांगलीत घरमालकानं मला अंडं खाल्ल्याबद्दल खोली सोडायला सांगितलं! आजही आठवलं की कानशिलं तापतात.

घरमालक बाबगोंडा अण्णा धर्मानं जैन. अट एकच, घरात अंडं-मांस नको. खोलीच्या दारातच नळ होता, आणि माझी बायको दुष्काळी आटपाडीची. (लग्नात माझ्याकडे पाहिलं नसेल इतक्या प्रेमानं ती त्या नळाकडे बघायची.)

त्या दिवशी मी नववीला हायड्रोजन सल्फाइड तयार करून दाखवला. मी शिस्तीचा मास्तर! "वायू थेट हुंगायचा नाही! खिडक्या सताड उघडा!" असं वर्गावर खेकसून घरी आलो, तर अण्णांनी दारातच नाकाला उपरणं लावलं.

"सर, अंडं खाल्लासा?"

"अहो, वायूचा वास आहे तो! सडक्या अंड्यासारखा येतो!"

"म्हंजे, सडकं खाल्लासा? मग खोली सोडा, सर!"

माझं टाळकंच सटकलं. बी.एस्सी. झालेल्या माणसाला खोटं ठरवता? बायको दंड धरून विनवत होती, "आवं, गप बसा. नळ जाईल!" पण मी ऐकतोय कसला! तणतणत शाळेत गेलो, फेरस सल्फाइडचे खडे आणि आम्लाची बाटली आणली आणि अण्णांच्या सोप्यातच मांडामांड केली. शेजारीपाजारी वास जाऊन आणखी बोभाटा नको, म्हणून खिडक्या धाडधाड लावून घेतल्या. (कुणी? मीच!)

आम्ल टाकायचं होतं थेंबभर, संतापात पडलं बदाबदा. भांडं फसफसलं. "हुंगा आता!" मी ओरडलो.

अण्णांनी थेट भांड्यात नाक घातलं आणि दुसऱ्या क्षणी उपरणं टाकून रस्ता गाठला. मागोमाग डोळे पुसत बायको, तिच्यामागे खोकत मी. बऱ्याच वेळानं आत आलो, तर कोनाड्यातलं अण्णांच्या लग्नातलं चांदीचं ताट तव्यासारखं काळं पडलेलं!

अण्णा ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. पण त्यांनी ते ताट उचललं आणि शांतपणे म्हणाले, "सर, तुमी अंडं खाल्लं न्हाई, पटलं मला. वैनी ऱ्हाऊ द्यात हितंच. तुमी तेवढं जावा."

"ऐकलंस?" मी बायकोवर भडकलो. "तुझ्या नवऱ्याला बाहेर काढतायत! बोल की काहीतरी!"

तिनं एकदा नळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आवं, रविवारचं येत जावा की!"