दोन वळणं राह्यली

फोन आला तेव्हा मी जळगाव जामोदला माहेरी होते, भाचीच्या हळदीला. माझे दोन्ही हात पिवळे, म्हणून फोन कानाशी धरला तो नवरीनेच. आमच्या ह्यांचा आवाज ऐकला आणि मला आधी रागच आला, कारण हे फोन करतात ते फक्त ‘अमुक कुठं ठेवलं’ विचारायला. ते म्हणाले, “मंदा, वहिनी गेल्या.” मी म्हटलं, “बाजारात? एवढ्या उशिरा?” पलीकडून हुंदका आला, मग कळलं. मोताळ्याच्या घरी अंगणात वांग्यांचं पोतं उचलताना माझ्या थोरल्या जाऊबाई, सुमनबाई, खाली बसल्या आणि पुन्हा उठल्याच नाहीत. मी मोरीत हात धुवायला गेले आणि तिथंच हंबरडा फोडला. लग्नघरात असं रडू नये म्हणतात. म्हणू देत.

थोरले भाऊजी वारले तेव्हा भाजीची गाडी अंगणात उभी होती. ती विकून टाका, असा सल्ला द्यायला अख्खं गाव आलं. जाऊबाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी शिकायला लागल्या. चाळिशी कधीच उलटली होती. मोताळ्याहून बुलढाण्याच्या बाजारात माल न्यायचा तर राजूरचा घाट चढावा लागतो. मागून येणारे ट्रकवाले सुरुवातीला हॉर्न वाजवून जीव खायचे. “बाई चालवून राह्यली म्हणून घाटाचे वळणं काही वाढत नाईत,” असं म्हणत त्या आपल्याच चालीनं चढायच्या. घाटात देवीचं ठाणं आहे. तिथून जाताना आमच्याकडचा कोणताही गाडीवाला एकदा हॉर्न देतो. स्टिअरिंग सोडून हात कसे जोडणार? म्हणून तो हॉर्नच नमस्कार. जाऊबाईंनी तो कधी चुकवला नाही.

अमडापूरचा त्यांचा भाचा फौजेत आहे. एकदा सुट्टीवर आला आणि फुशारकीनं म्हणाला, “आत्या, तुहा घाट म्हंजे लेकरायचं खेळणं. आमच्या लद्दाखात ये, ढग रस्त्याच्या खाली असतात.” जाऊबाई सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मंग पाहाच लागंन.” मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. कसलं काय! पुढच्याच उन्हाळ्यात घरची जुनी जीप दुरुस्त करून आणली. लद्दाखातली ढगांच्या वरची खिंड गाठायला त्या, मी आणि आमचे हे, असे तिघं निघालो. वेशीवर एकानं विचारलंच, “काऊन वो काकू, भाजी तिथी नेऊन विकता का?” “हाव, तुह्या सासऱ्यानं मांगवली,” म्हणून त्यांनी गिअर टाकला. यांना मात्र बजावून ठेवलं होतं, “भाऊजी, सपाटीवर तुम्ही चालवा. चढ माहा.”

तो मुलूख मी काय वर्णन करणार? झाड नाही, गवताची काडी नाही, आणि तरी डोळा हटत नव्हता. एक डोंगर वांग्याच्या रंगाचा, तर दुसरा वाळल्या मिरचीचा. खाली नदी दोऱ्याएवढी. रस्त्याच्या कडेला पांढरे स्तूप, त्यांवर रंगीत पताका. आणि आमच्या जाऊबाई प्रत्येक स्तूपापाशी पों पों! शेवटी एका जवानानं गाडी अडवली. “माताजी, हॉर्न क्यों बजा रही हो? ऊपर से पत्थर गिरेगा.” त्या शांतपणे म्हणाल्या, “देव दिखा, तो राम राम किया.” तो पोटभर हसला आणि म्हणाला, “यहाँ हाथ जोड लो, माताजी.” झालं! मग प्रत्येक स्तूपापाशी गाडी उभी करायची, हात जोडायचे, पुन्हा निघायचं. मी कावले, “अवं बाई, अशानं खिंड येईन का आज?” त्या म्हणाल्या, “गप बस. देवाले टाळून वर जायचं नसते.”

खिंड आली, अगदी दिसायला लागली. माथ्यावरच्या पताका फडफडताना दिसत होत्या, मध्ये फक्त दोन वळणं. तेवढ्यात माझं डोकं फुटायला लागलं. दोनदा उलटी झाली, ओठ निळे पडले, श्वास पुरेना. समोरून उतरणाऱ्या एका ट्रकवाल्यानं मला पाहिलं आणि ओरडला, “इनको फौरन नीचे ले जाओ!” मी म्हटलं, “चला वर, मी काही मरत नाही.” आमचे हे म्हणाले, “वहिनी, दोनच वळणं हायेत.” जाऊबाईंनी एकदा पताकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “मंदे, डोंगर कुठी पळून नाई जाऊन राह्यला,” म्हणाल्या आणि त्या अरुंद रस्त्यावर मागंपुढं करत गाडी वळवली. मी डोळे मिटून घेतले. उतारावर यांनी आपलं शहाणपण काढलं, “न्यूट्रल करा, डिझेल वाचते.” आमच्या घाटात सगळे तेच करतात ना! त्या कडाडल्या, “ज्या गिअरमधी चढलो त्याच गिअरमधी उतरा लागते. चूप बसा!”

खाली येताच मला बरं वाटलं, मी चहा मागितला. जाऊबाई गाडीला टेकून डोंगराकडे बघत होत्या. त्या रडत होत्या. मी पाहिलं. पदरानं नाक पुसून एवढंच म्हणाल्या, “फुडच्या साली.”

मोताळ्यात जो तो विचारायचा, पोचल्या का? “दोन वळणं राह्यली. दम कमी पडला,” त्या सांगायच्या. कोणाचा दम, ते नाही. लोक हसायचे आणि त्या हसू द्यायच्या. माझ्यानं राहवेना, मीच गावभर सांगत सुटले की आजारी मी पडले होते. तर माझ्यावरच उखडल्या, “काऊन सांगून राह्यली वं? घरातली गोष्ट हाय.” बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले होते, मध्ये मुक्काम करत हळूहळू चढलात तर जमेल. म्हणून मुक्काम वाढवले. मला जीप शिकवली, कारण “एकीचं डोकं धरलं तं दुसरीले चालवता आली पाह्यजे.” जायचं ठरलं होतं या जूनमध्ये...

तेरवी झाली आणि घरात जीप विकायचं बोलणं निघालं. पुन्हा तेच! मी ताट बाजूला सारलं आणि सांगितलं, जीप विकायची नाही आणि जूनही बदलायचा नाही. हे म्हणाले, “आता कशाले, मंदा? ज्याईले जायचं होतं त्या गेल्या.” मी म्हटलं, “म्हणूनच. ते दोन वळणं काय तुमच्या बापानं चढायचे?” सासऱ्यांचा उद्धार झाला, पण इलाज नव्हता.

परवा मी पहिल्यांदा एकटीच्या हातानं राजूरचा घाट चढले. हे शेजारी, मुठी आवळून. जाऊबाई ठेंगण्या होत्या. सीट पार पुढं ओढून, स्टिअरिंगला छाती लावून बसायच्या. मी चांगली उंच, प्रत्येक वळणाला गुडघे आपटत होते. माथ्यावर गाडी थांबवली तेव्हा यांनी वाकून सीटखालच्या दांडीला हात घातला. “मांगं सरकवून देतो. काऊन गुडघे फोडून घेतं?”

मी त्यांच्या हातावर चापट मारली.

“हात नका लावू. ते दोन वळणं होऊ द्या. मंग सरकवू.”