देवघराखालचा खण

रविवार, ९ नोव्हेंबर. मुलीच्या शाळेची ट्रिप आहे, तिचा पासपोर्ट सापडेना, म्हणून सकाळपासून कपाटाचे खण उपसतेय. पासपोर्ट मिळाला, इन्शुरन्सच्या कागदांखाली. खण मात्र अजून जमिनीवरच पडलाय. तो आत सरकवायच्या आधी एक गोष्ट सांगून टाकते. ही मी कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्यालाही नाही.

पुण्यात काही वर्षं वकिली करून मी लंडनला एलएलएम करायला आले. विषय आंतरराष्ट्रीय मानवाधिकार कायदा. प्रबंध परदेशात नेलेल्या घरकामगार बायकांवर. हे मुद्दाम आधी सांगतेय — मला माहीत नव्हतं, असं पुढे म्हणता येऊ नये.

राहायला लंडनच्याच हाउन्सलो भागात, आईच्या मैत्रिणीकडे. काकू प्रेमळ होत्या, हेही खरं. वरची खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं, भाड्याचं नाव काढलं की रागवायच्या. मुलं सांभाळायला आणि स्वयंपाकाला त्यांनी साताऱ्याकडच्या मंदाताईंना व्हिसा काढून आणलं होतं. "मंदा काय, घरातलीच आहे," काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. घरातली, म्हणून तिला रविवारही नव्हता.

घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट देवघराखालच्या खणात असत. दसऱ्याला त्यांनाही हळदकुंकू लागे. पहिल्याच आठवड्यात काकू मला म्हणाल्या, "अगं, तुझाही देऊन ठेव. इथून काही हरवत नाही." मी हसून म्हटलं, युनिव्हर्सिटीत लागतो. लागत नव्हता. म्हणजे स्वतःपुरता कायदा मला पक्का कळत होता — नाही का?

मंदाताईंच्या मुलीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं. काकू म्हणत, दिवाळी होऊ दे, मग तुझ्या जाण्याचं बघू. दिवाळी झाली, मग नाताळची सुट्टी आडवी आली. एका संध्याकाळी काकू महाराष्ट्र मंडळात गेल्या होत्या. मंदाताई लसूण सोलत होत्या, मी समोर चहा पीत होते.

"ताई, तुम्ही कायद्याचं शिकताय म्हणून विचारते. माझा पासपोर्ट मी मागितला तर चालतं का? का पोलीस धरतात?"

एक वाक्य पुरलं असतं. तो ठेवून घ्यायचा काकूंना अधिकार नाही — एवढंच. कुठे फोन करायचा, तेही मला ठाऊक होतं. मग? मग काकूंनी विचारलं असतं, हिला हे कुणी शिकवलं? खोली गेली असती. पुण्याला आईला फोन गेला असता. हे सगळं कपातला चहा संपायच्या आत माझ्या डोक्यात नीट मांडून झालं.

मी म्हटलं, "इथे तसाच नियम आहे, मंदाताई. ज्यांनी व्हिसा काढला, त्यांच्याकडेच ठेवायचा असतो."

नुसती गप्प बसले असते, तर त्याला भीती म्हणता आलं असतं. मी तर नवा कायदाच केला. आणि त्यांनी तो लगेच मानला.

"बरं झालं विचारलं," म्हणाल्या. "उगीच काकूंबद्दल मनात वाईट आणत होते."

नातू झाला. त्याचं रडणं त्यांनी फोनवर ऐकलं — उभ्या उभ्या, पोळी तव्यावर असताना. मी जिन्यात होते. तेव्हा सांगता आलं नसतं का? नंतर मी दुसरीकडे राहायला गेले. मंदाताई घरी कधी गेल्या, गेल्या की नाही — विचारलं नाही. आज कॉव्हेंट्रीत माझं काम हेच आहे — अशा बायकांना कायद्याचा सल्ला देणं. समोर बसलेल्या बाईला पहिला प्रश्न मी विचारते, पासपोर्ट कुणाकडे आहे? विचारताना माझा आवाज हलत नाही.

त्या संध्याकाळनंतरच्या सकाळी काय केलं, तेही सांगते. मंदाताईंनी भरून दिलेला डबा घेतला, पिकाडिली लाइनच्या ट्रेनने लायब्ररीत गेले आणि प्रबंधाचं पुढचं प्रकरण लिहायला बसले — मालकांनी ठेवून घेतलेल्या पासपोर्टांवरचं. कुठे अडलं नाही. दुपारी डबा उघडला. मेथीचे पराठे होते, आणि कोपऱ्यात लसणाची चटणी. सगळं खाल्लं.