अक्कानं भुताचं उद्यापन केलं

आंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय अक्का भुताच्या पुस्तकाला हात लावायची नाही. पदराला हात कोरडे करायची, पाट मांडायची, पुस्तक कपाळाला टेकवायची आणि मगच उघडायची. आत काय? तर तीनशे वर्षांपूर्वी मेलेला एक देखणा सरदार कॉलेजातल्या मेघनाच्या मानेवर गार श्वास सोडतोय! मला हसू फुटायचं. "हसू नको गं हदगाववाले," अक्का दटावायची. "आत भूत असू दे न्हाईतर देव, पुस्तक ते पुस्तक."

लातूरला आमची भिंत एक. अक्का उदगीरची, घरचं किराणा दुकान. मी हदगावकडची, शाळा चौथीत सुटलेली. दुपारी ती वाचलेलं मला सांगायची, पण ऐन मोक्याच्या जागी थांबायची आणि पुस्तक माझ्याकडं सरकवून म्हणायची, "पुढचं तूच वाच. माझा घसा काय सरकारी नळ हाय?" सरदार मेघनाचं चुंबन घेतो की रक्त पितो, एवढ्या एका काळजीपोटी मी अक्षरं जुळवत गेले. आज हे चार शब्द लिहिते आहे त्याचं श्रेय त्या मेलेल्या माणसाला आहे, मास्तरांना नाही.

नवा भाग स्टँडवरच्या स्टॉलला आला की अप्पा, म्हणजे अक्काचे मालक, दुकानातून येताना घेऊन यायचे. दारातूनच ओरडायचे, "घे, तुझा मेलेला आला. आता जित्याला च्या दे!" अक्का चहा द्यायची, पण साखर विसरायची. अप्पा तो तसाच पिऊन टाकायचे. म्हणायचे, "भुताशी काय स्पर्धा करायची? त्याला ना पोट, ना डायबेटीस."

पहिले पंधरा-सोळा भाग असे गेले. मग काय झालं कोण जाणे. लिहिणाऱ्यालाच कंटाळा आला असावा, पण पुस्तकं खपत होती, तर तो तरी कशाला थांबतो! मेघना एकोणीस भागांपर्यंत बीएस्सीच्या दुसऱ्याच वर्षात. बाविसाव्यात ती मेली, तेविसाव्यात तिचंही भूत झालं. आम्ही म्हटलं, चला, आता तरी जोडा जमला. तर चोविसाव्यात भूत झालेल्या मेघनाची स्मृती गेली! अक्कानं पुस्तक मांडीवर आपटलं. "अय्यो शिवा! मेल्यावर तरी माणसाला धड राहू द्या की! अन् हा बाबा तीनशे वर्षांचा घोडा, अजून म्हणाय लागलाय, मी कोण आहे तुला माहीत नाही. आरं, मग सांग की एकदाचं!"

पूर्वी ती एका बैठकीत पुस्तक संपवायची. आता दोन पानं झाली की जांभई, चार झाली की डाळ निवडायला घ्यायची. मी म्हटलं, "अक्का, सोड की मग." तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी देव्हारा विकायला काढलाय. तिच्या वडलांनी शिकवलं होतं, हाती धरलेली पोथी अर्धी सोडली तर घराचं काहीतरी अर्धं राहतं. आणि अक्काला पोथी आणि कादंबरी यांतला फरक कुणी कधी सांगितलाच नव्हता.

अशातच डोळ्यांच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी जपू, म्हणाला. मी रडवेली झाले. ही बाई मात्र रिक्षात बसल्या बसल्या हिशोबाला लागली. "पहिल्यासारखं दिसंल असं दोन-तीन वर्षं धर. अन् ह्या मुडद्याचे वर्षाला चार भाग. हदगाववाले, माझे डोळे त्याच्यातच जायचे गं." तिच्या आवाजात भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. नजर जाण्याची तर होतीच, पण ती कशावर खर्च होणार याची जास्त.

आठ दिवसांनी अक्काच्या घरचे गुरू, जंगमस्वामी, घरी आले. अक्कानं पाया पडून विचारलं, "स्वामी, व्रत झेपंना तर उद्यापन करून सोडवून घेतात न्हवं?"

"घेतात की. कोणतं व्रत?"

अक्कानं सत्ताविसावा भाग पुढं ठेवला. मुखपृष्ठावर सरदार, त्याच्या मिठीत मेघना, तिचा पदर भलतीकडंच. स्वामींनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता शाप. ते म्हणाले, "किती भाग हायत?"

"सत्तावीस. संपंनात."

"लिहिणाऱ्याला संपवता येईना, त्याचा दोष वाचणारीला कसा लागंल?" स्वामी म्हणाले. "करून टाका."

सोमवारी झालं उद्यापन. पुरणपोळ्या, कटाची आमटी, चौरंगावर सत्तावीस पुस्तकांची चळत आणि तिला विभूती. गल्लीतल्या बायकांना वाण म्हणून एकेक भाग. मला चौदावा मिळाला, ज्यात सरदार विहिरीत राहतो. एकीनं घाबरत विचारलं, "घरात ठेवला तर चालतो का गं?" अप्पा म्हणाले, "ठेवा बिनघोर. सात वर्षं आमच्या घरात हाय, त्यानं माझ्या बायकोला साधा हात न्हाई लावला." पहिला भाग स्वामींनी झोळीत घातला. प्रसाद म्हणून.

त्यानंतर अक्का सुटलीच. वाचनालयात जायची, मिळेल ते उचलून आणायची. प्रवासवर्णन, गुन्ह्यांच्या गोष्टी, एकदा तर मधमाशीपालन. वीस पानं वाचायची आणि पटलं नाही तर बंद. "पाहुणा वीस पानं नुसता घसा साफ करत बसला," म्हणायची, "तर त्याला ऊठ म्हणाय काय पाप हाय?" दोन वर्षांत बहुतेक सगळ्यांना तिनं उठवलं.

एक मात्र बसवून घेतलं. साधंच पुस्तक, दोन म्हाताऱ्या बहिणींचं. बांधावरच्या आंब्यापायी त्यांचं बोलणं बंद आणि दोघींची घरं समोरासमोर. अक्का भिंग धरून ते रोज एक पान वाचायची, पुढं अर्धं. अक्षरं कडेनं पुसत चालली होती. शेवटची बारा पानं राहिली आणि भिंगानंही दिसेना. मी म्हटलं, "दे इकडं, मी वाचून दाखवते. आता सरकारी नळ मी."

तिनं पुस्तक चाचपून मिटलं. "नको गं. ऱ्हाऊ दे."

"बोलतात का न्हाई बघायचं न्हाई तुला?"

"बोलल्या तरी त्यांच्या त्या, न बोलल्या तरी त्यांच्या त्या. समोरासमोर बसल्यात न्हवं? बसू दे."

ते पुस्तक परत करायला मीच गेले. जाताना वाचनालयाच्या पायरीवर बसून ती बारा पानं वाचली, डोळे पुसले आणि घरी आले. अक्का ओसरीत बसली होती. माझी पावलं ओळखून म्हणाली, "लई येळ लावलास." एवढंच. पुढं चार वर्षं ती होती. रोज दुपारी मी तिच्याजवळ बसायचे, गल्लीतलं, गावातलं, हदगावचं सगळं सांगायचे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या लातूरला ठाऊक. पण त्या दोन बहिणींचं काय झालं, ते मी तिला कधी सांगितलं नाही.