उजवीकडून सहा उड्या

डिसेंबर १९९८ चा दुसरा रविवार, पहाटेचे पावणेसहा. पैज एकावन्न रुपयांची. हजर चौघं: मी, माझी बायको, वरच्या मजल्यावरचे बँकवाले शेजारी आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी.

पैजेचं मूळ बायकोच्या साखरेत होतं. रोज चाळीस मिनिटं चाला, नाहीतर महिन्याभरात गोळ्या सुरू करू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती माझ्यासोबत अकरा दिवस चालली. बाराव्या दिवशी निर्मळच्या देवळाकडून परतताना केळ्यांचे घड लादलेली एक सायकल अंधारात पाठीमागून आली, घड तिच्या कोपराला घासला आणि ती थेट केळीच्या वाडीच्या कुंपणात. लागलं काही नाही, पण घरी चपला काढतानाच तिने जाहीर केलं, "वाढू दे साखर. मी केळ्यांखाली मरणार नाही."

मी टेप घेऊन रस्ता मोजला. नऊ फूट. दोन्ही बाजूंना घड टांगलेली सायकल साडेचार फूट. आम्ही दोघं शेजारी शेजारी साडेतीन. म्हणजे एक फूट शिल्लक.

"मग मी कुंपणात कशी गेले?" तिने विचारलं.

माझ्या मते चूक डाव्या बाजूची होती. डावीकडून चाललं की सायकल पाठीमागून येते, दिसत नाही. उजवीकडून चाललं की समोरून दिसते, वेळेत बाजूला होता येतं. हे जिन्यात बोललो आणि बँकवाल्यांनी ऐकलं.

"अहो साहेब, शाळेत काय शिकवलं? डावीकडून चाला! पन्नास वर्षं चालतोय, अजून अख्खा आहे."

"लावा पैज."

"एकावन्न!"

अट अशी की, देवळापर्यंत जाऊन येताना ज्याला कमी वेळा रस्त्यावरून खाली उडी मारावी लागेल तो जिंकला. बायको म्हणाली, "एवढा एकच दिवस येते. पुन्हा घाबरले तर चालणं कायमचं बंद." मला एकावन्न रुपयांपेक्षा या वाक्याची काळजी जास्त होती.

उजाडायला तासभर होता. भाजीच्या नि फुलांच्या सायकली स्टेशन गाठायच्या घाईत, रस्त्याच्या मधोमध. दिवा एकीलाही नव्हता. ब्रेक असावेत, असं समजून चालायचं. शेजारी-वहिनी डावीकडून, वीस पावलं पुढे. आम्ही उजवीकडून. मोजणी चुकू नये म्हणून मी बायकोला बोलायला मनाई केली होती.

आमच्या उड्या सात झाल्या. त्यातली एक पडलेल्या झावळीला साप समजून मारलेली, ती मी प्रामाणिकपणे वजा केली. राहिल्या सहा. शेजाऱ्यांची एकच, तीही वहिनींनी बोलता बोलता हातवारे केले आणि कोपर त्यांच्या बरगडीत बसलं म्हणून.

मला हे गणित पटेना. परत आल्यावर नाक्यावर एक वाडीवाले काका सायकल टेकवून घड आवळत होते. त्यांनाच विचारलं.

"बाजू कसली बघता?" ते हसले. "या बाईंचा आवाज वळणाच्या पलीकडून येतो. आम्ही आधीच सायकल कडेला घेतो. तुम्ही दोघं मुके! दिसता तेव्हा चाकाशी आलेले असता."

वहिनी जरा वरमल्या. "अहो, मी फक्त नणंदेच्या फ्रिजचं सांगत होते."

"फ्रिज परत केला का त्यांनी?" बायकोने एकदम विचारलं. "मी मघापासून कान लावून होते. ऐन रंगात आलं की हे मला ओढून खाली उतरवायचे!"

"ते लांबलचक आहे," वहिनी म्हणाल्या. "उद्या येताय ना?"

"येते. पण उजवीकडून हं. समोरचं दिसतं, ते बरं वाटतं."

"चालेल. मला काय, तोंड दोन्हीकडून चालतं."

बँकवाले हात पुढे करून उभे होते. मी खिशातून पन्नासची नोट आणि रुपया काढला. बायकोने ते मधल्या मधे घेतले.

"तुम्ही काय केलंत हो, भाऊजी? नुसते शेजारी चाललात."

एकावन्न रुपये वहिनींना मिळाले.