सामाईक खणातलं एक कार्ड

वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका वाडीला एका उन्हाळ्यात बोअरिंग मिळायला हवं होतं, ते मिळालं नाही. दोष गेला त्याच वाडीतल्या माणसावर, माझ्या सहकाऱ्यावर. खरा दोष माझा होता. आता लिहितो.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं पुण्यात एका कॉम्प्युटर विभागात होतो. मी भोरचा, तो वेल्ह्याचा, माझ्याहून मोठा. दोन्ही तालुक्यांतल्या विहिरींची पाहणी झाली होती. भोरचा प्रोग्रॅम माझा, वेल्ह्याचा त्याचा. दोन्हींचे आकडे एकत्र करून यादी व्हायची. ज्यांचं पाणी खोल त्यांना आधी बोअरिंग.

तेव्हा प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. दोघांनाही लागणारी कार्डं एका सामाईक खणात असत. त्या खणाला आम्ही लायब्ररी म्हणायचो. तिथला गठ्ठा आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा, काम झालं की परत ठेवायचा. बदल करायचा तर दुसऱ्याला विचारून.

त्यातलं एक कार्ड हातांचे फूट करायचं. पाहणीवाले बायकांना दोर किती लागतो ते विचारायचे, आणि दोर हातानंच मोजला जायचा. एक हात म्हणजे दीड फूट. पुढे कामथडीपासून आंबवड्यापर्यंत भोरच्या विहिरी टेपनं पुन्हा मोजल्या, आकडे फुटांत आले. मला त्या कार्डाशिवायचा वेगळा गठ्ठा पंच करून घ्यायला हवा होता. पंचिंगच्या बाई म्हणाल्या, "परवा या." मी दमलो होतो, शनिवारची एसटी गाठायची होती. खणातल्या गठ्ठ्यातून ते कार्ड काढून खिशात टाकलं, माझं काम उरकलं, गठ्ठा तसाच परत ठेवला आणि कार्ड खिशात घेऊन भोरला गेलो.

सोमवारी मी पोचायच्या आत त्यानं वेल्ह्याचे आकडे काढून पाठवले होते. मशीन कुठंच अडलं नव्हतं. जितके हात तेवढेच फूट झाले, वेल्ह्याच्या विहिरी कागदावर उथळ झाल्या आणि त्याची वाडी यादीतून गेली. कोणी बघत नाही असं पाहून मी कार्ड जागेवर ठेवलं. चूक उघड झाली तेव्हा यादी मंजूर झालेली होती. त्यानं गठ्ठा पुन्हा पुन्हा तपासला. गठ्ठा बरोबर होता. साहेबांपुढे तो एवढंच म्हणाला, "माझ्याच हातून झालं असणार."

त्या उन्हाळ्यात तो मला वाडीवर घेऊन गेला. विहिरीवर त्याची चुलती पाणी ओढत होती.

"या सायेब! तुमच्या मशिनीत आमच्या हिरीचं पानी लई वर आलंय म्हनं. मंग हितं बी आना की!"

बायका हसल्या. तोही हसला. "काकी, चुकलं माझं," म्हणाला आणि तिच्या हातातला दोर घ्यायला गेला.

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं.

"तू ऱ्हाऊ दे. पावनं, तुमी वढा जरा," चुलती म्हणाली आणि दोर माझ्या हातात दिला. मी ओढू लागलो. खांदे भरून आले, तळवे सोलवटले, तरी बादली दिसेना.

"दमला व्हय?" ती म्हणाली. "अजून लई हाय."