कडीतले दोरे

"लोकांच्या घरी सोनं जमतं, आमच्या घरी गंज जमतो," असं माझा नवरा आल्यागेल्या पाहुण्याला सांगायचा. सांगू दे. मी उमरखेडच्या एका शाळेत इतिहास शिकवत होते आणि जुनी नाणी जमवायचं वेड मला लग्नाच्या आधीपासूनचं. नाण्यांपेक्षाही जास्त अभिमान मला माझ्या पाकिटांचा होता. प्रत्येक नाणं खाकी कागदाच्या छोट्या पाकिटात, आणि पाकिटावर त्याची वंशावळ: माझ्याकडे कुणाकडून आलं, त्याच्याकडे कुणाकडून, त्याच्याही आधी कुणाकडून. माग नसलेलं नाणं म्हणजे बिनबापाचं पोर, असं मी फार तोऱ्यात म्हणायची. आता आठवलं की लाज वाटते.

कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव पडलेला, वर बोंडअळी. ढाणकीच्या बाजारात बाया अंगावरची चांदी घेऊन सोनाराकडे यायच्या. तिथले एक वयस्क सोनार माझ्या ओळखीचे होते. मोडीत काही जुनं नाणं आलं की ते माझ्यासाठी बाजूला ठेवायचे. "बाई, हे भट्टीत टाकाले माहा हात नाही उचलत," म्हणायचे. त्या माणसाच्या हाताला मी आजही मनातून नमस्कार करते. तो हात उचलला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्यांच्याकडूनच मला क्षत्रपांचं एक चांदीचं नाणं मिळालं. करंगळीच्या नखाएवढं. एका बाजूला मिशाळ राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि वर चंद्र-सूर्य. सोळाशे वर्षांच्या वर वय. माथ्यावर कुणीतरी चांदीची कडी डाख देऊन जोडली होती, म्हणजे ते कुणाच्या तरी गळ्यात नाहीतर ओढणीला मिरवलेलं होतं. त्या कडीत मळकट, तेलकट चिंध्यांचा बोळा अडकला होता. नाण्याच्या अंगाला हात लावायचा नाही, घासायचं नाही, हा नियम मला पाठ होता. म्हणून मी नाण्याला हात लावलाच नाही, फक्त कडी साफ केली. रिठ्याच्या पाण्यात भिजवून सुईनं तो बोळा उकरून काढला आणि केरात टाकला. कडी लखलखली. मी नवऱ्याला बोलावून दाखवलीसुद्धा.

पाकिटावर मात्र दोनच ओळी होत्या: 'ढाणकीचे सोनार. त्याआधी तांड्यावरची एक बाई.' पुढे कोरं. तशी पाच-सहा वर्षं गेली. मग यवतमाळला नाण्यांचं प्रदर्शन ठरलं. तिथली अट अशी की, प्रत्येक नाण्याचा माग लिहून द्यायचा, कारण जमिनीत सापडलेलं धन सरकारचं. मला तर हेच नाणं मांडायचं होतं. सगळ्या संग्रहात माझा जीव त्याच्यावर होता. मी सोनारांना गाठलं.

"ती बाई? दर बाजारी येते ना," ते म्हणाले. "अंबाडीची भाजी विकाले बसते. आन् दर बाजारी मले इचारते, माही चिल्लर हाये का गेली? मी सांगतो, हाये, एका मास्तरीणबाईजवळ हाये."

दर बाजारी. इतकी वर्षं. हे ते मला कधीच बोलले नव्हते, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला मी डबी घेऊन दुकानात बसले. ती आली. साठीच्या पुढची, काचा जडवलेली ओढणी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्यांची बलोती. मी डबी उघडली. तिनं राजाच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. नाणं डोळ्याजवळ नेलं आणि कडीतून आरपार बघितलं.

"याच्यातले दोरे कुठीसा गेले?"

मी सांगितलं. धुऊन काढले, केरात टाकले, म्हणाले. सोनारांनी मान खाली घातली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि मला सांगू लागली, शाळेत मी पोरांना सांगायची त्याहून शांतपणे. त्यांच्या घरची रीत होती. नाणं सासूकडून सुनेकडे आलं की सुनेनं आपला दोरा कडीत बांधायचा. आधीचा सोडायचा नाही. ते दोरे म्हणजेच त्या बाया.

"वरचा लाल माह्या सासूचा. ती दिग्रसकडची, हसाले लागली की थांबेच ना. तिच्या खाली काळा, तिच्या सासूचा. ती सूईण होती. तिच्या खाली निळा…"

ती एकेक बोट मोडत खाली उतरत गेली. सहा जणी. सगळ्यात खालची बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरणाऱ्या काफिल्यातली. मिठाच्या बदल्यात कुण्या गावच्या बाईनं हे नाणं तिच्या हातावर ठेवलं होतं. एकही कागद नाही, आणि कुठे अडखळणं नाही. मी वही उघडून बसले होते, पण लिहायचं विसरले. माझी सगळी पाकिटं एकत्र केली तरी सहा पायऱ्या खाली जाणारं त्यात एकही नव्हतं.

"आणि तुमचा दोरा कोणता, मावशी?"

"माहा नाहीच ना. सासूनं देल्ली आन् त्याच साली कापूस गेला. बियाण्यासाठी इथं आणून देल्ली, दोरा बांधाच्या पयले. सहा जणी हायेत त्याच्यात. मी नाही." मग म्हणाली, "सून इचारते, तुमचा रंग कोनता? मी काय सांगू तिले?"

खरं सांगते, मी नाणं तिच्या हातून घेतलं, डबीत मिटलं, डबी पिशवीत टाकली आणि बसनं घरी आले. परत द्यायचं मनात आलं होतं, पण हात धजला नाही. घरी पाकिटावर सहाही जणी लिहून काढल्या. प्रदर्शनाला पुरून उरेल असा माग झाला. सातव्या जागी पेन थांबलं. तिला लिहावं तर तिचा दोरा नाही. मला लिहावं तर मी कोण? दोरे धुणारी? मला माझाच भारी राग आला. नवरा म्हणाला, "दे ना मग. गंजच तो." त्याचं बोलणं तेवढं एकदा मला पटलं.

पुढच्या बाजाराला मी नाणं तिच्या हातावर ठेवलं. तिनं फुकट घ्यायला साफ नकार दिला. ओढणीची एक चांदीची घुंगरी उसवली, सोनारांनी दोन्ही तागडीत टाकली, भारोभार भरली. ती घुंगरी माझी झाली. मग तिनं कमरेच्या पिशवीतून हिरवा दोरा काढला. किती वर्षं तो तिथं होता, मी विचारलं नाही. बांधेल म्हणून मी बघत होते, तर तिनं हात माझ्यापुढे केला.

"पयले तुहा दे."

"माझा कशाला, मावशी?"

"सासूनंतर तुह्याजवळच राह्यली ना? तुहा सातवा. माहा आठवा. मंधातलं कोणी सोडाचं नसते, बाई."

वंशावळीचा नियम मला ती शिकवत होती. मी पदराच्या काठाचा एक पिवळा दोरा ओढून काढला. माझ्या बोटांना गाठ येईना, ती तिनंच मारून दिली. त्यावर आपला हिरवा बांधला आणि दातांनी घट्ट ओढला.

"आता सुनेले सांगीन," ती म्हणाली, "सातवी मास्तरीण होती. तिनंच आपले दोरे धुतले, हेही सांगीन."

"सांगा," मी म्हणाले.